बोक्याचा रंग आईकडून

काळा, तांबूस आणि पांढरा असे तिन्ही रंग एकाच अंगावर असलेलं मांजर दिसलं, की ती मादी आहे असं तिला हात न लावता सांगता येतं. हजारोंमध्ये एखादाच अपवाद निघतो. असा नियम गाईला लागू नाही, कुत्र्याला नाही, कान्ह्याच्या जंगलातल्या वाघालाही नाही. मांजरालाच तो का लागू पडतो, हा या पुस्तिकेचा विषय आहे. आणि त्या प्रश्नाच्या उत्तराचा आपल्या घरातल्या आईशी, सुनेशी, लेकीशी काय संबंध पोचतो हे दाखवणं, हा ती लिहिण्याचा हेतू आहे.

आमचं रामपायली हे बालाघाट जिल्ह्याच्या वारासिवनी तहसिलीतलं, चंदन नदीच्या काठी वसलेलं गाव. बाहेरच्यांना ते राममंदिरामुळे ठाऊक असतं. इथल्या माणसांचं जगणं मात्र धानावर चालतं. बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिथे धान साठवलं जातं तिथे उंदीर येतो, आणि उंदरामागे मांजर येतं. त्यामुळे इथे मांजर मुद्दाम पाळावं लागत नाही. ते आपणहून घरात वावरू लागतं, कोठीमागे पिल्लं घालतं आणि ती पिल्लं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी होतात. आनुवंशिकता शिकण्यासाठी याहून सोपी सामग्री शोधून सापडणार नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधताना मेंडेलला वाटाण्याच्या पिढ्या वाढवाव्या लागल्या, मॉर्गनला बाटल्यांत माश्या पोसाव्या लागल्या. मांजरीचं वेत तर वर्षातून दोन-तीनदा आपल्याच घरात होतं.

शाळेत इथे विज्ञान हिंदीतून शिकवलं जातं. कित्येक घरांत मराठी आणि पोवारी बोलली जाते. शाळेतलं ज्ञान घरात यायचं तर ते घरच्या बोलीत बोलता आलं पाहिजे. पाठ्यपुस्तकातला ‘लिंग-सहलग्न वंशागति’ हा धडा परीक्षेनंतर मुलं विसरतात, कारण तो आजीला सांगता येत नाही. अंगणातल्या कबऱ्या, म्हणजे काळ्या-तांबूस ठिगळांच्या, मांजरीची गोष्ट मात्र आजीला सांगता येते, आणि ती ऐकूनही घेते. म्हणून ही पुस्तिका मराठीत आहे.

आता मूळ गोष्ट. मांजराच्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. यूमेलॅनिन काळं किंवा तपकिरी असतं, फिओमेलॅनिन पिवळसर-तांबूस. सर्वसाधारण मांजरात रंगपेशी प्रामुख्यानं पहिलं बनवतात किंवा आलटून पालटून दोन्ही बनवतात. त्यातूनच आपल्याकडचं सगळ्यांत परिचित, करड्या-तपकिरी पट्ट्यांचं मांजर तयार होतं. काही मांजरांत मात्र एका जनुकात बदल झालेला असतो, आणि तो बदल असलेली रंगपेशी फक्त तांबूस द्रव्य बनवते. या बदलाची जागा आहे एक्स गुणसूत्रावर. पुढचं सगळं या जागेमुळे घडतं.

मांजराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात, म्हणजे एकूण ३८ गुणसूत्रं. त्यातली एक जोडी लिंग ठरवते. मादीत दोन एक्स असतात, नरात एक एक्स आणि एक वाय. आई प्रत्येक पिल्लाला एक एक्स देते. बाप लेकीला आपला एक्स देतो आणि लेकाला वाय. म्हणजे बोक्याजवळचा एकुलता एक एक्स नेहमी आईकडून आलेला असतो. तो तांबूस रंगाचा असेल तर बोका तांबूस, नसेल तर काळा किंवा करडा. दोन्ही रंग एकाच वेळी त्याच्या अंगावर येऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे दोन एक्स त्याच्याजवळ नाहीत. बापाचा रंग कोणताही असो, लेकाच्या अंगावर हा तांबूसपणा उतरेल की नाही, हे आईच ठरवते.

लेकीचं गणित वेगळं. तिला आईकडून तांबूस रंगाचा एक्स आणि बापाकडून साधा एक्स मिळाला, किंवा याच्या उलट झालं, तर काय होईल? शाळेत शिकलेल्या प्रभावी-अप्रभावी नियमाप्रमाणे एक रंग जिंकायला हवा आणि दुसरा लपायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही रंग अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. असं होण्याचं कारण विज्ञानाला १९६१ मध्ये सापडलं.

मादीचा गर्भ अगदी लहान, मोजक्या पेशींचा असतो, तेव्हा प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करून टाकते. कोणता बंद करायचा हे ठरलेलं नसतं. एका पेशीत आईचा एक्स बंद होतो, शेजारच्या पेशीत बापाचा. एकदा झालेली निवड मात्र त्या पेशीच्या सगळ्या वंशात कायम राहते. रंगपेशींचे पूर्वज गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून सरकत सरकत कातडीत पसरतात. ज्यांचा साधा एक्स बंद आहे त्यांचे वंशज तांबूस ठिगळ घडवतात, ज्यांचा तांबूस एक्स बंद आहे त्यांचे वंशज काळं. अशा रीतीनं मांजरीची कातडी दोन प्रकारच्या कापडांतून शिवलेल्या गोधडीसारखी होते, आणि गर्भातल्या त्या निवडींचा नकाशा आयुष्यभर तिच्या अंगावर उघडा राहतो.

पांढऱ्या रंगाचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. तो किट नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे येतो, आणि ते जनुक एक्सवर नाही. जिथे रंगपेशी पोचल्याच नाहीत, तिथले केस पांढरे राहतात. म्हणून काळा-पांढरा बोका असतो, तांबूस-पांढरा बोकाही असतो. लिंगाची खूण आहे ती काळा आणि तांबूस एकत्र असण्यात. पांढरा जास्त असला की बाकीची ठिगळं मोठी आणि ठळक दिसतात. पांढरा नसला की काळे-तांबूस केस एकमेकांत मिसळतात. इतकं लक्षात ठेवलं तर मांजर ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका टळतात.

हे कोडं सुटायला विसाव्या शतकातली बरीच वर्षं लागली. केंब्रिजच्या लेनर्ड डॉनकॅस्टर यांनी १९०४ मध्ये मांजरांच्या रंगांच्या वारशाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात पडणाऱ्या किड्याच्या पेशी तपासून दाखवलं, की पिल्लू नर होणार की मादी हे नराच्या शुक्राणूतलं गुणसूत्र ठरवतं. १९१२ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी मांजराचा तांबूस रंग लिंगाशी जोडलेला असल्याचं मांडलं. डॉनकॅस्टर यांनी १९१३ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये मांजरांच्या या वारशाचा माणसांतल्या तशाच दोषांशी संबंध तपासला.

या नियतकालिकाचं नाव इथे मुद्दाम घेतलं. आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कायमचे भारतात आले, तेव्हा ते संपादित करत असलेलं हे नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आलं. आज ते बंगळूरहून भारतीय विज्ञान अकादमी प्रसिद्ध करते. लंडनच्या मांजरांच्या रंगांची मोजणी करून जनुकांचं प्रमाण काढणारा ए. जी. सर्ल यांचा १९४९ चा लेखही त्यातलाच. घरातली आणि रस्त्यातली मांजरं मोजणं हे शास्त्राचं काम आहे, हे त्या लेखानं दाखवून दिलं.

१९४९ मध्येच कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी युअर्ट बर्ट्रॅम मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काही मांजरांच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसे, काहींच्या दिसत नसे. नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा ठिपका असलेली सगळी मांजरं माद्या निघाली. दहा वर्षांनी सुसुमु ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मादीच्या पेशीतला असा ठिपका म्हणजे आखडून बसलेला एक एक्स. १९६१ मध्ये इंग्लंडच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार माद्यांवरून सगळे धागे जुळवले आणि दोनपैकी एक एक्स बंद राहतो हा सिद्धांत मांडला. कबऱ्या मांजरीचा दाखला त्यांनी त्यातच दिला. एक्सला बंद करणारा ‘झिस्ट’ हा आरएनए १९९१ मध्ये सापडला.

एक प्रश्न तरीही उरला होता: तांबूस रंगाचं जनुक नेमकं कोणतं? त्याचं उत्तर मिळालं ते मे २०२५ मध्ये. जपानच्या क्युशू विद्यापीठातले हिरोयुकी सासाकी आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले ग्रेगरी बार्श यांच्या गटांनी स्वतंत्रपणे काम करून एकच निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक्सवरच्या ‘एआरएचजीएपी३६’ या जनुकालगतचा सुमारे ५,१०० अक्षरांचा तुकडा तांबूस मांजरांत गळलेला असतो. तो गळल्यामुळे एरवी रंगपेशीत शांत असणारं हे जनुक तिथे जागं होतं आणि काळं द्रव्य बनवण्याचा निरोप मधेच अडवतं. तपासलेल्या तांबूस मांजरांत हाच बदल सापडला. म्हणजे जगभरच्या तांबूस मांजरांचा हा रंग एकाच जुन्या घटनेतून पसरला असला पाहिजे. सासाकी यांच्या कामाला लोकांनी वर्गणी काढून पैसा पुरवला, हेही नोंदवण्याजोगं आहे.

आता वाघाकडे वळू, कारण बालाघाटच्या वाचकाला तो प्रश्न पडणारच. वाघही तांबूस-पिवळा आणि काळ्या पट्ट्यांचा असतो. मग वाघ आणि वाघीण रंगानं सारखे कसे? वाघाचा हा रंग एक्सवरच्या बदलामुळे येत नाही, म्हणून. पूर्वीच्या रीवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेला पांढरा बछडा मोहन सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा पांढरेपणाही लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकातून आला होता, त्यामुळे त्याच्या वंशात पांढरे नर आणि पांढऱ्या माद्या दोन्ही जन्मल्या. जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसलं आहे यावर त्याचा वारसा कसा चालेल हे अवलंबून असतं. हा फरक कळला की आनुवंशिकतेचं निम्मं शास्त्र कळलं.

हाच फरक आपल्या आरोग्यालाही लागू पडतो. गोंदिया, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात सिकलसेल माहीत नसलेलं गाव क्वचितच असेल. त्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथून सुरू झाली. सिकलसेलचं जनुक एक्सवर नाही. ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच आजार होतो, आणि तो मुलगा-मुलगी दोघांना सारखाच होतो. जी-सिक्स-पीडी या द्रव्याच्या कमतरतेचं मात्र तसं नाही. तिचं जनुक एक्सवर आहे. ही कमतरता असलेल्या माणसाला हिवतापावरचं प्रायमाक्वीन दिलं तर तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, लघवी काळपट होते, कावीळ होते. बैहर, बिरसा, लांजीकडच्या जंगलपट्ट्यात हिवताप नवा नाही, त्यामुळे ही माहिती आपल्यासाठी पुस्तकी राहत नाही. पुरुषात हा दोष असतो किंवा नसतो. एक सदोष आणि एक निर्दोष एक्स असलेल्या बाईच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, हे अर्नेस्ट बॉयटलर यांनी १९६२ मध्ये दाखवलं. अशा बाईची साधी तपासणी कधी कधी निर्दोष येते आणि दोष नजरेतून सुटतो. तिच्या रक्तात जे चाललेलं असतं, ते कबरी मांजर आपल्या पाठीवर दाखवत असते.

मांजरीच्या अंगावरच्या नकाशाशी याहून जवळचं उदाहरण सिंधमधलं आहे. एकेकाळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत चार्ल्स डार्विन यांच्या लिखाणात आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात जवळजवळ नव्हते, अंगावर केस फार थोडे होते आणि घाम येत नसल्यानं उन्हाळा त्यांना असह्य होई. घरातल्या मुलींना हा त्रास नव्हता, पण त्यांच्या मुलांत तो पुन्हा उगवे. के. आय. थडानी यांनी १९२१ मध्ये सिंधमधल्या अशाच दंतहीन पुरुषांचा वारसा शास्त्रीय नियतकालिकात मांडला. हा दोष एक्सवरच्या जनुकाचा आहे. तो एका एक्सवर वाहणाऱ्या स्त्रियांच्या कातडीची बारकाईनं तपासणी केली, की घाम येणारे पट्टे आणि घाम न येणारे पट्टे शेजारी शेजारी आढळतात. मांजरीच्या अंगावर जो नकाशा रंगानं उमटतो, तो या स्त्रियांच्या अंगावर घामानं उमटतो. कबऱ्या मांजरी बहुधा माद्याच असतात हेही डार्विन यांनी नोंदवलं होतं. या दोन गोष्टींमागे एकच कारण आहे, हे कळायला मात्र त्यांच्या नोंदींनंतर जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

आता या पुस्तिकेत मला सगळ्यांत कळकळीनं जे सांगायचं आहे, ते सांगतो. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं अजून आहेत. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशात हे प्रमाण सगळ्यांत जास्त होतं आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. पण आकडा चांगला असला म्हणून प्रत्येक घरातली बोलणी थांबत नाहीत. शेजारच्या महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा करावा लागला, १९९४ मध्ये तो देशासाठी झाला. कायदा हात धरतो; बोलणाऱ्याची समजूत मात्र ज्ञानानंच बदलते. मूल मुलगा होणार की मुलगी हे बापाच्या शुक्राणूतून एक्स आला की वाय, यावर ठरतं. आईजवळ द्यायला फक्त एक्स असतो. बापाच्याही हातात निवड नसते, म्हणून बोल कोणालाच लावण्याचं कारण नाही.

याची दुसरी बाजूही स्पष्ट केली पाहिजे. ‘लेकाचा एक्स आईकडून येतो’ हे वाक्य अर्धवट ऐकणारा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा एक्सवरचा आजार, झालेल्या मुलाच्या आईला नव्यानं दोषी ठरवू शकतो. तसं करणं अन्यायाचं आहे आणि शास्त्राच्याही विरुद्ध आहे. आईला तो एक्स तिच्या आईकडून किंवा बापाकडून मिळालेला असतो, आणि पुष्कळदा त्यातला बदल नव्यानंच घडलेला असतो. हिमोफिलियाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आजार पूर्वी नसतो. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये हिशेब मांडून हे प्रमाण सांगितलं होतं. वारसा कुठून आला हे कळलं तर उपचार आणि काळजी वेळेवर घेता येते. त्या ज्ञानाचा उपयोग तेवढ्यासाठीच व्हावा.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात रंगांचे नियम आहेत, दुसऱ्या भागात एक्सची गोष्ट, तिसऱ्या भागात माणसांतले एक्सवरचे आजार, आणि शेवटी अपवाद. कबरा बोका हा त्यातला मुख्य अपवाद. तीन हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगितलं जातं. त्याच्याजवळ बहुधा दोन एक्स आणि एक वाय असतात आणि बहुतेकदा तो प्रजननक्षम नसतो. अमेरिकेत टेक्सास इथे डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेल्या सीसी या क्लोन मांजरीची हकीकतही तिथेच आहे. ती रेनबो नावाच्या कबऱ्या मांजरीच्या पेशीपासून बनवली, पण तिच्या अंगावर तांबूस रंग आलाच नाही. मूळ पेशीत तांबूस एक्स बंद होता आणि क्लोनमध्येही तो बंदच राहिला.

सगळी तांबूस मांजरं बोके असतात, ही समजूतही तिथे तपासली आहे. एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावातल्या दर चार एक्सपैकी एक तांबूस आहे असं धरलं, तर शंभरातले पंचवीस बोके तांबूस असतील. पूर्ण तांबूस व्हायला मादीला दोन्ही एक्स तसेच लागतात, म्हणून शंभरात सहाच माद्या तांबूस निघतील आणि सदतीस-अडतीस कबऱ्या. तांबूस माद्या कमी असतात, पण असतात.

वाचकांना, विशेषतः शाळकरी मुलामुलींना माझी विनंती आहे. एक वही करा. आपल्या मोहल्ल्यातल्या मांजरींच्या वेताची तारीख, आईचा रंग, प्रत्येक पिल्लाचा रंग आणि लिंग लिहून ठेवा. बापाचा रकाना पक्कं माहीत असल्याशिवाय भरू नका, कारण एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. काळ्या आईचा तांबूस लेक किंवा कबरा बोका दिसला, तर पुन्हा नीट पाहा, शिक्षकांना दाखवा. पिल्लांना डोळे उघडेपर्यंत हाताळू नका आणि आईपासून तोडू नका. वही भरली की ती घरात मोठ्यांना वाचून दाखवा, आणि बोक्याला रंग कोणाकडून येतो, मुलगा की मुलगी हे कोणाकडून ठरतं, हे त्यांना आपल्या बोलीत समजावून सांगा.